सात मिनिटं सोडून उरलेला हेवूड

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नॉर्थफिल्ड नावाचं छोटं गाव आहे, मिनिअ‍ॅपोलिसच्या दक्षिणेला साधारण तासाभरावर, आणि या गावात ७ सप्टेंबर १८७६ ला दुपारी जेसी जेम्सच्या टोळीने फर्स्ट नॅशनल बँकेवर दरोडा घातला, तो पार फसला, आणि त्यात बँकेत बसलेला जोसेफ ली हेवूड मारला गेला. एवढं तर कोणालाही सापडतं. गावात दरवर्षी सप्टेंबरात यावर उत्सव भरतो, घोडे, खोट्या बंदुका, सगळं साग्रसंगीत. मला या प्रकरणात वेगळाच रस आहे. हा माणूस मेला तेव्हा ३९ वर्षांचा होता आणि त्यातली सात-आठ मिनिटं सगळ्यांना पाठ आहेत, मग बाकीच्या आयुष्याचं काय? गावातल्या एका साध्या बँकवाल्याचं आयुष्य कागदांतून उभं करायचं तर कुठून सुरुवात करायची, कुठे फसायला होतं, यासाठी हेवूड फार चांगलं उदाहरण आहे म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ती सात मिनिटं उरकून टाकू. टोळीत आठ जण होते, जेम्स बंधू, तिघे यंगर बंधू आणि आणखी तिघे. तीन जण बँकेत घुसले, बाकीचे रस्त्यावर. बँकेचा खरा कॅशियर जी. एम. फिलिप्स तेव्हा गावातच नव्हता, फिलाडेल्फियाला देशाच्या स्वातंत्र्याच्या शंभरीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं तिकडे गेला होता, त्याच्या जागी हेवूड बसला होता, सोबत अलोन्झो बंकर आणि फ्रँक विल्कॉक्स. तिजोरी उघड म्हटल्यावर हेवूडने सांगितलं टाइम लॉक लागलंय, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी न उघडणारं कुलूप, उघडत नाही. खरं म्हणजे आतली तिजोरी नुसती ओढून घेतलेली होती, कुलूपच नव्हतं, एकाने जरी हँडल फिरवून बघितलं असतं तरी जवळपास १५,००० डॉलर हाताला लागले असते. त्याला मारलं, गळ्याला सुरी लावली, कानाजवळ गोळी झाडली, तरी ऐकेना. बंकर मागच्या दाराने पळाला, खांद्यात गोळी लागली पण वाचला. तोवर बाहेर गावकऱ्यांनी बंदुका काढल्या होत्या, दोन दरोडेखोर रस्त्यातच पडले, आणि आतले तिघे निघता निघता एकाने हेवूडच्या डोक्यात गोळी घातली. टोळीला मिळाले किती, तर २६ डॉलर ७० सेंट.

आता मुद्द्याचं. अशा माणसाचे कागद गोळा करायला बसलं की जे हाताला लागतं ते जवळजवळ सगळं ७ सप्टेंबरनंतर लिहिलेलं असतं. पेपर, भाषणं, आठवणी, स्मारकांवरचा मजकूर, आणि त्या प्रत्येकात तो लहानपणापासूनच कर्तव्यदक्ष, शांत, शब्दाला जागणारा वगैरे. असेलही हो. पण हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला शेवट माहीत होता. म्हणून माझा पहिला नियम असा की सरळ दोन गठ्ठे करायचे, एक मरणाआधी तयार झालेल्या कागदांचा आणि एक मरणानंतरच्या, आणि दुसऱ्या गठ्ठ्यातली गोष्ट पहिल्यातल्या कशाने तरी टेकवल्याशिवाय पक्की धरायची नाही. पहिला गठ्ठा बारीक असतो, कंटाळवाणा असतो, पण तो लिहिणाऱ्या कारकुनाला हेवूड म्हणजे कोण हे माहीतच नव्हतं, आणि तेच आपल्याला हवंय.

जन्म १२ ऑगस्ट १८३७, फिट्झविल्यम, न्यू हॅम्पशर. म्हणजे मिडवेस्टचा, मिनेसोटाकडच्या मधल्या उत्तर भागातला, बँकवाला मुळात न्यू इंग्लंडचा, ईशान्येकडच्या जुन्या राज्यांतला. हे त्या काळात फार कॉमन होतं, मिनेसोटा-आयोवाकडच्या गावांत बँक, कॉलेज, चर्च उभं करणाऱ्यांत न्यू इंग्लंडकडून आलेली मंडळी भरपूर, आणि शोधणाऱ्यासाठी ही चांगली बातमी आहे, कारण न्यू इंग्लंडची गावं जन्म-लग्न-मृत्यू गावाच्या वहीत फार आधीपासून लिहीत आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर गावोगाव आपापले जाडजूड इतिहास छापायची टूम निघाली. फिट्झविल्यमचा असा इतिहास १८८८ ला छापला गेला. त्याच्या मागच्या भागात गावातल्या घराण्यांच्या वंशावळी. आपल्याकडे कुलवृत्तांत चाळायची सवय असलेल्याला हे पान उघडलं की घरी आल्यासारखं वाटेल, कोणाचा कोण, कुठून आला, कुठे गेला. फक्त एक लक्षात ठेवायचं, १८८८ म्हणजे दरोड्यानंतर बारा वर्षांनी, त्यामुळे छापील आहे म्हणून तो पहिल्या गठ्ठ्यात जात नाही. पहिल्या गठ्ठ्यात जातो १८५० चा सेन्सस, म्हणजे जनगणना. अमेरिकेच्या सेन्ससमध्ये घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला सुरुवात झाली ती १८५० पासून, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांच्या वयोगटांचे आकडे. तेव्हा आपला जोसेफ बारा वर्षांचा, तेरा पूर्ण व्हायला दोन महिने बाकी. नात्याचा रकाना मात्र १८५० ला नाही, १८६० ला नाही, १८७० लाही नाही. कुटुंबप्रमुखाशी नातं काय हे पहिल्यांदा १८८० ला विचारलं. हे परत लागणार आहे, डोक्यात ठेवा.

आडनावाचा घोळ मधेच सांगून टाकतो. हेवूड (Heywood) हे हेवुड (Haywood), हेवर्ड (Hayward) असं काहीही लिहिलेलं सापडू शकतं, कारकुनाने कानाने ऐकून लिहायचं. इंग्रजीत स्पेलिंग बदलली तरी उच्चार सारखा असलेली नावं एकत्र यावीत म्हणून साउंडेक्स नावाची कोडपद्धत आहे, पहिलं अक्षर तसंच ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांना ठरलेले आकडे द्यायचे, स्वर गाळायचे, आणि एच, डब्ल्यू, वाय पण गाळायचे. हेवूडमध्ये मग उरतं काय, एच आणि डी, म्हणजे कोड एच-३००. हेवुड ए घालून लिहिलं तरी एच-३००, त्यामुळे दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये सापडतात. पण कोणी हेवर्ड लिहिलं की मधे आर घुसतो, आरचा आकडा ६, आणि कोड होतो एच-६३०, म्हणजे एकदम दुसराच ड्रॉवर. कॉम्प्युटरवर शोधताना पण लोक "सारखे उच्चार" वर टिक करून निर्धास्त होतात, आणि एका आर मुळे माणूस हरवतो. हेवर्ड वेगळं टाकून शोधायचंच.

विशीत त्याने घर सोडलं आणि मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, इलिनॉय असं फिरत राहिला. तरुण, अविवाहित, नोकरीसाठी फिरणारा माणूस हा शोधणाऱ्याची डोकेदुखी, कारण जमीन नाही, लग्न नाही, पोरं नाहीत, मग कागद कशाचा होणार? इथे वाचवतं ते युद्ध, अमेरिकेचं यादवी युद्ध. १८६२ ला तो १२७ व्या इलिनॉय पायदळ रेजिमेंटमध्ये भरती झाला, ही रेजिमेंट सप्टेंबर १८६२ मध्ये शिकागोच्या कॅम्प डग्लसला उभी राहिली आणि पुढे आर्कान्सा पोस्ट, व्हिक्सबर्ग अशा लढायांत होती. इलिनॉयने सैनिकांचे जे वर्णनाचे तक्ते ठेवले त्यात राहायचं गाव, वय, उंची, केस-डोळ्यांचा रंग, धंदा, जन्मस्थान असे रकाने आहेत. ज्याचा फोटो नाही अशा पूर्वजाची उंची तुम्हाला कुठे मिळणार दुसरीकडे? शिवाय केंद्र सरकारची सर्व्हिस रेकॉर्डची कार्डं असतात, साधारण दर दोन महिन्यांच्या हजेरीची, हजर, गैरहजर, आजारी. हेवूड लढाईपेक्षा आजारपणानेच जास्त गांजला, नंतर नॅशव्हिलला लष्करी औषधालयात कामाला होता, आणि असल्या आयुष्यात ही कार्डंच खरी डायरी. नंतरच्या स्तुतीपर लिखाणात "शूर सैनिक" एवढ्या दोन शब्दांत जे उरकलेलं असतं ते या कार्डांवर महिन्याच्या हिशेबाने पसरलेलं दिसतं.

युद्धानंतर तो मिनेसोटात आला, आधी फॅरिबो, मग नॉर्थफिल्ड. नॉर्थफिल्डला पहिली नोकरी लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायची. दोन-अडीच हजार वस्तीचं गाव, नदीवर एम्स घराण्याची पिठाची गिरणी, आजूबाजूला गहूच गहू. १८७२ ला तो नव्या बँकेत बुककीपर, म्हणजे हिशेबनीस झाला.

घरचा भाग आता बघू, कारण याच्या वंशावळीत बहुतेक लोक इथेच घसरतील असं मला वाटतं. हेवूडची दोन लग्नं झाली. पहिली बायको मार्था, ती मुलगी अगदी लहान असताना वारली. दुसरी लिझी अ‍ॅडम्स, ती मार्थाची मैत्रीण. आणि मुलीचं नाव? लिझी मे! म्हणजे मार्थाच्या पोटी झालेली मुलगी, नाव लिझी, आणि पुढे तिला वाढवणारी सावत्र आई, तिचंही नाव लिझी. कोणीही घाईघाईत झाड भरणारा "आई लिझी, मुलगी लिझी, आईचं नाव मुलीला ठेवलं" म्हणून मोकळा होईल आणि मार्था झाडावरून गायब.

हे कागदांवरून कसं सुटतं बघा. वडील गेले तेव्हा मुलगी पाच वर्षांची, म्हणजे जन्म सप्टेंबर १८७० ते सप्टेंबर १८७१ च्या दरम्यान. १८७० च्या सेन्ससची तारीख १ जून, त्यानंतर जन्मलेल्यांना लिहायचं नाही असा नियम, म्हणून त्यात मुलगी असायलाच नको, आणि कोणी "१८७० ला मुलगी दिसत नाही म्हणजे ही दुसरीच फॅमिली" म्हणून पान सोडून दिलं तर तो गेला कामातून. पुढचा कागद १८७५ चा, हा मिनेसोटाचा स्वतःचा राज्य सेन्सस आहे, केंद्राचा नाही, आणि मुलगी वडिलांच्या घरात सापडायची असेल तर हा एकच सेन्सस आहे कारण पुढच्या केंद्राच्या सेन्ससपर्यंत वडीलच नव्हते. बाहेरून शोधणारे हा विसरतात, दहा-दहा वर्षांच्या उड्या मारत जातात. मग १८८०. १८८० च्या सेन्ससची जुनी साउंडेक्स कार्डं सगळ्या घरांची केलेलीच नाहीत, ज्या घरात दहा किंवा त्याहून लहान मूल आहे तेवढ्यांचीच केली. आपली मे तेव्हा आठ-नऊ वर्षांची, म्हणजे बसते. आणि मूल वेगळ्या आडनावाच्या घरात राहत असेल, मामाकडे म्हणा आजीकडे म्हणा, तर त्याचं स्वतंत्र कार्ड असतं, त्यामुळे विधवा आई कुठल्याही नातेवाइकाकडे जाऊन राहिली तरी मुलीच्या नावाने पकडता येतं. तीन वर्षांनी मोठी असती तर ही सोय नव्हती. आणि नात्याचा रकाना पण याच सेन्ससपासून, हे वर म्हटलंच.

१८९० चा सेन्सस विसरा. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला आग लागली त्यात जवळजवळ सगळा नासला, मिडवेस्टवर काम करणारा प्रत्येक माणूस या आगीला शिव्या घालतो. १९०० ला मात्र एक भारी रकाना आला, बाईला विचारायचे की किती मुलं झाली आणि त्यातली किती जिवंत आहेत. सावत्र आई ओळखायला याहून सरळ पुरावा नाही, समोर मुलगी म्हणून नाव आणि झालेल्या मुलांच्या रकान्यात शून्य, की समजायचं मधे एक मार्था आहे.

बँकेकडे वळू. पेपरवाल्यांनी आणि पुढे सगळ्यांनी हेवूडला "कॅशियर" करून टाकलं. त्या काळी अमेरिकन बँकेत कॅशियर म्हणजे खिडकीवरचा माणूस नाही, बँक चालवणारा तोच, प्रेसिडेंट पुष्कळदा गावातला वजनदार माणूस म्हणून नावाला असायचा. हेवूड बुककीपर होता आणि फिलिप्स परत येईपर्यंत कॅशियरचं काम बघत होता. हे तपासायला घरचे कागद लागत नाहीत, कारण नॅशनल बँक म्हणजे केंद्राच्या देखरेखीखालची बँक, कंट्रोलर ऑफ द करन्सी या नॅशनल बँकांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या छापील वार्षिक अहवालात प्रत्येक बँकेचे प्रेसिडेंट आणि कॅशियर नावानिशी आणि खाली जमाखर्चाचा गोषवारा. शिवाय १८६९ च्या कायद्यापासून प्रत्येक नॅशनल बँकेला वर्षातून निदान पाच वेळा आपलं स्टेटमेंट शपथेवर द्यावं लागायचं आणि ते गावच्याच पेपरात छापावं लागायचं. म्हणजे तुमचे पणजोबा कुठल्या तिमाहीत कॅशियर झाले हे गावच्या जुन्या पेपरच्या जाहिरातींच्या पानावर लागतं, लोक मात्र नुसत्या मृत्युलेखात शोधत बसतात.

आणखी एक, नॅशनल बँका स्वतःच्या नावाच्या नोटा काढायच्या आणि त्यावर प्रेसिडेंट आणि कॅशियरच्या सह्या असायच्या, सुरुवातीला तर पेनाने केलेल्या. मिडवेस्टच्या बँकवाल्यांच्या वंशजांना कधीकधी जुन्या नोटांच्या लिलावात आजोबांची सही सापडते. हेवूडच्या बाबतीत हा मार्ग बंद, तो कॅशियर नव्हताच. त्याचं अक्षर बघायचं तर वेगळीकडे जायला पाहिजे, कारण तो गावाचा खजिनदार होता आणि कार्लटन कॉलेजचाही खजिनदार होता. कार्लटन तेव्हा लहान होतं, १८६६ ला काँग्रिगेशनल चर्चवाल्यांनी काढलेलं, आधी नॉर्थफिल्ड कॉलेज, मग विल्यम कार्लटनने ५०,००० डॉलर दिले म्हणून १८७१ पासून कार्लटन. एकाच माणसाकडे बँकेच्या वह्या, गावाच्या वह्या आणि कॉलेजच्या वह्या. गावाने हे त्याच्या हातात दिलं ते १८७६ च्या आधी, दरोड्याची कोणाला स्वप्नात कल्पना नसताना. माझ्या मते त्याच्या प्रामाणिकपणाचा हा सगळ्यात चांगला पुरावा, बाकीच्या गौरवपर भाषणांपेक्षा कितीतरी वरचा.

दुसऱ्या गठ्ठ्यातली एक गोष्ट मात्र कोणी सोडत नाही. दरोड्याच्या थोडंच आधी कार्लटनचे प्रेसिडेंट जेम्स स्ट्राँग यांनी म्हणे हेवूडला सेंट ऑल्बन्सच्या दरोड्याची गोष्ट सांगितली, तो १८६४ चा, व्हरमाँटमधला, आणि विचारलं की तुझ्यावर वेळ आली तर तू तिजोरी उघडशील का, आणि तो म्हणाला मला नाही वाटत उघडेन. गोष्ट खरी असू शकते, स्ट्राँग साधा माणूस नव्हता आणि त्याचा हेवूडशी कामाचा संबंध होताच. पण ती आपल्यापर्यंत आली आहे ती मरणानंतर, म्हणून मी ती "सांगतात" या शब्दासकटच लिहीन.

कोर्टाच्या कागदांत पण लोकांना वाटतं खजिना असेल. पळालेल्यांपैकी तिघे यंगर दोन आठवड्यांनी २१ सप्टेंबरला मॅडेलियाजवळ पकडले गेले आणि खटला चालायचा होता फॅरिबोला, राइस काउंटीच्या कोर्टात. पण त्यांनी गुन्हा कबूल करून टाकला, कारण तेव्हाच्या मिनेसोटाच्या कायद्यात कबुली दिली की फाशी देता येत नव्हती. जन्मठेप झाली. परिणाम असा की खटलाच उभा राहिला नाही, बंकर आणि विल्कॉक्सची उलटतपासणी झाली नाही, आणि बँकेच्या आत नेमकं काय झालं याची शपथेवरची सविस्तर साक्ष खटल्यात कधी लिहिलीच गेली नाही. गोळी कोणी घातली यावर लोक आजही भांडतात, बहुतेक बोट फ्रँक जेम्सकडे दाखवतात, त्याच्यावर मिनेसोटात कधी खटला चालला नाही.

त्या दरोड्यात आणखी एक माणूस गेला, निकोलस गुस्ताफसन, स्वीडनहून आलेला, इंग्रजी धड येत नव्हतं, रस्त्यात गोळी लागून चार दिवसांनी वारला. हेवूडचे अमेरिकेतच एवढे कागद आणि याचे मिनेसोटात अगदी थोडे. पण स्वीडनमध्ये प्रत्येक पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीचा, पाद्री घराघराची वही ठेवायचा, जन्म, वाचता येतं का, गाव सोडून गेला कधी, सगळं, त्यामुळे त्याचं मूळ गाव लागलं की त्याचं बालपण हेवूडपेक्षाही जास्त स्पष्ट दिसू शकतं. बँकवाल्याच्या नादात याला कोणी शोधत नाही.

शेवटच्या दोन फाइल्स उरल्या. फॅरिबोच्या काउंटी कोर्टातली प्रोबेट, म्हणजे वारसाची, त्यात मालमत्तेची यादी असते आणि अल्पवयीन मुलीसाठी पालक नेमला गेला तर तेही इथेच, आणि पालक नेमताना मुलगी कोणाची हे लिहावंच लागतं. मेच्या नावाने बघायची, लिझीच्या नाही. आणि दुसरी विधवेच्या पेन्शनची. १८६२ च्या कायद्याने सैनिक युद्धामुळे मेला तरच विधवेला पेन्शन, हेवूड बँकेत मेला, म्हणून लगेच काही मिळण्यासारखं नव्हतं. पण १८९० च्या कायद्याने ९० दिवस नोकरी आणि सन्मानाने सुटका एवढं असलं तर मरणाचं कारण विचारायचं बंद झालं, फक्त विधवेने परत लग्न केलेलं नको आणि स्वतःच्या कष्टाशिवाय दुसरा आधार नको. मुलांची मर्यादा सोळा वर्षांची, मे तेव्हा अठरा-एकोणीसची, म्हणजे अर्ज असला तर लिझीचाच. पेन्शनच्या इंडेक्समध्ये १२७ वी इलिनॉय टाकून हेवूड, आणि मग तोच शोध हेवर्ड लावून. असल्या अर्जात विधवेला नवऱ्याचं आधीचं लग्न झालं होतं का, ती बायको कधी वारली, त्याचा दाखला काय, हे सगळं कागदावर द्यावं लागायचं, म्हणून फाइल निघाली तर आधी शेवटची पानं काढून मार्थाच्या मृत्यूचा कागद बघायचा, दरोड्याचं कात्रण नंतर.